‘स्वयम’च्या क्रेडिटबद्दल खुलासा

स्वयम हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल. ‘स्वयमवर व्हिडिओ बघून संपवा, सर्टिफिकेट फुकट, क्रेडिट थेट मार्कशीटवर’ असा मेसेज कॉलेजच्या ग्रुपांवर फिरतोय. (क्रेडिट म्हणजे कोर्स पूर्ण केल्यावर पदवीत मोजले जाणारे श्रेयांक.) अर्धा खरा आहे, म्हणूनच पटतो. नाव नोंदवणं आणि शिकणं मोफतच. पण सर्टिफिकेटसाठी फी भरून, केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. एनपीटेलच्या (स्वयमवर कोर्स देणारा आयआयटींचा उपक्रम) कोर्सच्या माहितीतच लिहिलेलं असतं: असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३०, दोन्ही हवेत. व्हिडिओ किती पाहिले, याला गुण नाहीत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१च्या नियमांनुसार सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून करता येतात, मात्र कोणते चालतील ते विद्यापीठ ठरवतं. नोंदणीआधी विभागात विचारा. तो मेसेज पुढे पाठवू नका. टाकला असेल, तर तिथेच हा खुलासा टाका.