रुजू तारखेनं यादी लावली की वाद मिटतो?

विस्तारा ही विमान कंपनी 12 नोव्हेंबर 2024 ला एअर इंडियात विलीन झाली. तेव्हापासून नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर फिरतोय. मुलामुलींना वैमानिक करायला निघालेले पालक तो एकमेकांना हौसेनं पाठवतात. त्याचा सारांश असा: वैमानिकांचं सेवाज्येष्ठतेवरून भांडण म्हणजे मिजास. दोन्ही कंपन्यांच्या लोकांना रुजू तारखेनं ओळीत उभं करा, वाद मिटला. खरा डोळा पगारावर असतो. अमेरिकेत असले तमाशे होत नाहीत. आणि पटत नसेल तर दुसरी कंपनी आहेच.

सगळा घोळ त्या तारखेतच आहे, म्हणून आधी तेच. कोणती तारीख धरायची? नेमणूकपत्राची, वर्गातलं प्रशिक्षण सुरू झालं ती, टाइप रेटिंग (ठरावीक जातीचं विमान चालवण्याची पात्रता) पूर्ण झालं ती, की सगळ्या तपासण्या होऊन सहवैमानिक म्हणून नेहमीच्या उड्डाणांवर सोडलं ती? पहिल्या आणि शेवटच्या तारखेत कित्येक महिने जातात. एक कंपनी पहिली धरत असेल आणि दुसरी शेवटची, तर एकाच महिन्यात नेमलेले दोघे यादीत शेकडो नावांच्या अंतरावर पडू शकतात.

बरं, तारीख ठरली असं समजू. आता समजुतीसाठी एक हिशेब. जुन्या कंपनीत 600 वैमानिक आहेत. तिची विमानं वर्षानुवर्षं तेवढीच, त्यामुळे बारा वर्षं झालेला माणूसही अजून उजव्या खुर्चीत, म्हणजे सहवैमानिकच. नव्या कंपनीत 200 वैमानिक, विमानं भराभर येताहेत, पाच वर्षांत कॅप्टन होता येतं. नव्या कंपनीतला पन्नासावा माणूस तिथं वरच्या पाव हिश्श्यात आहे. तारखेनं यादी लावली आणि जुन्या कंपनीतले 550 जण त्याच्या आधी रुजू झालेले निघाले, तर तो 800 जणांत 600 वा होतो. पाव हिश्श्यावरून थेट पाऊण हिश्श्यावर. त्यानं कुठलीही चूक केलेली नाही, आणि ज्या विमानांच्या ऑर्डरमुळे विलीनीकरण मोलाचं ठरलं ती त्याच्याच कंपनीनं आणलेली होती.

म्हणून दुसरी रीत काढतात, प्रमाणाची. जुन्यातले तीन, नव्यातला एक, पुन्हा तीन, पुन्हा एक. यात आपला पन्नासावा माणूस 200 व्या जागी बसतो आणि पहिल्या दिवशी सगळं रास्त दिसतं. पण पुढच्या दहा वर्षांत जुन्यातले 200 आणि नव्यातले फक्त 20 जण निवृत्त होणार असतील तर? विलीनीकरण झालं नसतं तर जुन्या कंपनीतला शेवटचा माणूस तोवर 600 मध्ये 400 वा झाला असता, आणि नव्यातला शेवटचा 200 मध्ये 180 वा. एकत्र यादीत दोघेही 800 मध्ये 580 च्या आसपास येतात. म्हणजे जुन्यांच्या निवृत्तीतून रिकाम्या होणाऱ्या जागांचा मोठा वाटा नव्यांच्या पदरात जातो. इथं जुन्यांचं ओरडणं खोटं म्हणता येत नाही.

यावर चालणारा उपाय यादीच्या बाहेर असतो. एक, गोठवणीची तारीख: विलीनीकरण जाहीर झालं त्या दिवशी कोण कुठल्या खुर्चीत होता तेच धरायचं, नंतर घाईनं दिलेल्या बढत्या मोजायच्या नाहीत. दोन, कुंपण: ठरावीक वर्षं एका गटाची मोठी विमानं दुसऱ्या गटाला मिळणार नाहीत. नाशिककराला कुंपण समजावून सांगायला नको. सिंहस्थात वैष्णव आखाडे रामकुंडावर आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर स्नान करतात. आधी स्नान कुणाचं, यावरून पेशवाईत झालेल्या संघर्षातून ही वाटणी आली असं सांगतात. तीन, ज्याची खुर्ची आहे ती यादीमुळे काढून घ्यायची नाही. यादी फक्त पुढच्या रिकाम्या जागांना लागू करायची.

मिजास म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: यादीतल्या जागेवर कंपनीगणिक कमी-जास्त प्रमाणात ठरतं ते कॅप्टन कधी होणार, कुठलं विमान, कुठलं शहर, दिवाळीची रजा कुणाला, आणि कपात आली तर आधी कोण घरी.

पगाराचं अर्धं खरं आहे. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स 2007 मध्ये एकत्र झाल्या. 2011 मध्ये पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक संपावर गेले ते समान वेतनासाठीच. पण मे 2012 मध्ये दुसऱ्या बाजूनं, म्हणजे जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी काम थांबवलं. ठिणगी होती बोइंग 787 च्या प्रशिक्षणाची. ते इंडियन एअरलाइन्सकडून आलेल्यांनाही मिळणार होतं, आणि त्यामुळे आपली कॅप्टनपदाची पाळी लांबते असं यांचं म्हणणं होतं. तो संप 58 दिवस चालला, शंभराच्या आसपास वैमानिक बडतर्फ झाले, संघटनेची मान्यता गेली. सेवाज्येष्ठता आणि इतर सेवाशर्तींवर धर्माधिकारी समितीचा अहवाल त्याच वर्षी जानेवारीत आला होता, पण पाच वर्षं उशिरा आलेल्या अहवालानं कुणाचं समाधान होणार? विस्ताराच्या वेळी 2024 च्या एप्रिलमध्ये उड्डाणं रद्द झाली, तिथं मात्र मुख्य कारण वेतनाचं होतं: उड्डाणं कमी मिळाली तरी महिन्याला जितक्या तासांचा पगार हमखास मिळायचा, ते तास 70 वरून 40 वर आले होते.

अमेरिकेचं उदाहरण तर मजकुराच्या विरुद्धच जातं. 2001 मध्ये टीडब्ल्यूए ही कंपनी अमेरिकन एअरलाइन्सनं घेतली आणि तिचे बहुसंख्य वैमानिक यादीच्या तळाला जोडले गेले. 2005 मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एकत्र आल्या. लवादानं 2007 मध्ये यूएस एअरवेजचे 517 जण सर्वांत वर ठेवले, कारण रुंद, म्हणजे लांब पल्ल्याची मोठी विमानं फक्त त्यांच्याकडे होती. बाकीच्यांना प्रमाणानं गुंफलं आणि सक्तीच्या रजेवर असलेल्यांना तळाशी.  यूएस एअरवेजच्या बाजूनं मूळ वैमानिक संघटनाच बदलून टाकली, यादी काही लागू झाली नाही आणि दोन्ही गट वर्षानुवर्षं वेगळे उडत राहिले. सर्वांची एकत्र यादी 2016 मध्ये लागली, तीही अमेरिकन एअरलाइन्समध्ये पुन्हा विलीनीकरण झाल्यावर. अशी भांडणं लवादाकडे नेण्याचा कायदा त्या देशाला 2007 मध्ये करावा लागला, तो उगाच नाही.

राहिली दुसरी कंपनी. सेवाज्येष्ठता सोबत नेता येत नाही, नवीन ठिकाणी यादीत शेवटून सुरुवात. आपल्याकडे तयार कॅप्टनला कॅप्टन म्हणूनच घेतात हे खरं, पण सहवैमानिकाची बढतीची रांग पुन्हा पहिल्यापासून. शिवाय 2017 पासून डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या नियमानं कॅप्टनला 12 महिने आणि सहवैमानिकाला 6 महिने आधी सूचना द्यावी लागते. ती न देता 2023 मध्ये काही वैमानिक निघून गेले, तेव्हा अकासा या विमान कंपनीनं त्यांना मुंबई उच्च न्यायालयात खेचलं. 200 तासांच्या परवान्यासाठी कर्ज काढणाऱ्या पालकांनी म्हणून करारपत्रात पगाराच्या आकड्याखालच्या तीन ओळी वाचाव्यात: ज्येष्ठता कुठल्या तारखेपासून धरणार, सूचना किती महिन्यांची, आणि कंपनी विकली गेली तर बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची हमी, कुणाकडे जाणार.