खुलासा: रानात पिस्तूल कमरेलाच लावावं, असं काही नाही

अमेरिकेत ट्रेकला जाणाऱ्या मराठी मैत्रिणींमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘अस्वलांच्या भागात पिस्तूल कमरेला लावा, नाहीतर सॅकमध्ये ठेवा. नॅशनल पार्कात आता सगळ्यांना परवानगी आहे.’ यातलं बरंचसं चुकीचं आहे.

मोठ्या सॅकचं वजन कमरपट्ट्यावर येतं आणि तो पट्टा नेमका होल्स्टरवरच (पिस्तूल अडकवायच्या म्यानावरच) बसतो. त्यात बायकांची कंबर रुंद, धड आखूड. पिस्तुलाची मूठ आत कलते आणि चढावर पाऊल टाकलं की बरगडीत रुतते. बराच वेळ चाललं की तिथे लाल वळ उठू शकतो. सॅकमधलं पिस्तूल तर वेळेला हातीच लागत नाही. छातीवरचं होल्स्टर खरं सोयीचं. त्याचे पट्टे सॅकच्या पट्ट्यांखालून जातात, पिस्तूल छातीखाली तिरकं बसतं आणि सॅक उतरवली तरी अंगावरच राहतं. ट्रिगर पूर्ण झाकला जातोय ना, ते मात्र बघाच. आधी घरी, रिकाम्या पिस्तुलानं, भरलेली सॅक पाठीवर घेऊन वाकून बघा.

आता परवानगी. २२ फेब्रुवारी २०१० पासून पार्कात बंदूक बाळगता येते, पण त्या त्या राज्याच्या कायद्यानुसार. व्हिजिटर सेंटरमध्ये नाही. आणि एच-१बी (नोकरीच्या) किंवा एच-४ (त्यांच्या जोडीदार-मुलांच्या) व्हिसावर असाल, तर केंद्रीय कायद्यानं तुम्हाला बंदूक बाळगायलाच मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणं, असे मोजकेच अपवाद. हे न सांगता मेसेज पुढे पाठवू नका, कळकळीची विनंती. यलोस्टोनमध्ये जाणार असाल तर अस्वलाला पळवून लावणारा मिरचीचा स्प्रे घ्या. तो जवळ ठेवा असं पार्कच सांगतं.