दांडा ढिला झाला की

सातवीतल्या कन्येचा इंग्रजीचा गृहपाठ माझ्याकडे असतो, कारण गणित आणि विज्ञान बायकोने आधीच पळवलंय. परवा वाक्प्रचार निघाला, ‘फ्लाय ऑफ द हँडल’. अर्थ लिहा, वाक्यात उपयोग करा.

“राग अनावर होणे,” मी ऐटीत सांगितलं.

“पण बाबा, यात राग कुठाय? उडणं आहे, हँडल आहे. गाडीवरून पडणं असेल.”

सांगलीतले खड्डे बघता शंका रास्तच होती.

मग अमेरिकेतली जंगलतोड काढावी लागली. कुऱ्हाड उगारली की ढिलं पातं दांड्यातून निसटून भलतीकडेच उडायचं. पुढं कुणाचं डोकं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या हॅलिबर्टन नावाच्या विनोदी लेखकाने 1840च्या दशकात हा शब्दप्रयोग वापरला, तोही काही कारण नसताना भडकणाऱ्या माणसासाठी. कारण क्षुल्लक हवं आणि भडका एकदम उडायला हवा. वर्षभर साठवून ऐन दिवाळीत बोलून दाखवणाऱ्या आमच्या आत्याबाईंना हा वाक्प्रचार लागू नाही.

सांगलीकराला इथंच अडचण येते. आपला राग कृष्णेच्या पाण्यासारखा फुटाफुटाने चढतो. आयर्विन पुलाशी इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला की घरात चाळीस समजतात. कन्येला पूर्ण नावाने, आडनावासकट हाक मारली की पंचेचाळीस, आणि तोवर सगळे सामानासकट वरच्या मजल्यावर गेलेले असतात. कुऱ्हाडीच्या पात्याला कसली आलीय इशारा पातळी!

“ज्याच्यावर भडकायचं त्याच्याआधी ‘ॲट’ लाव, भूतकाळात ‘फ्लू’ कर,” मी म्हणालो. तिने लिहिलं, “माय फादर फ्लू ऑफ द हँडल ॲट द रिमोट.” व्याकरण निर्दोष होतं, त्यामुळे मला काही बोलता येईना. चष्मा तेवढा काढला.

कुऱ्हाडीचं नाव ऐकून आबा आत आले. “दांडा उन्हानं वाळला की आकसतोय, म्हणून पातं सुटतंय. रातभर पाण्यात ठिवायची. लाकूड फुगतंय, घट्ट बसतंय.”

“मग ह्यालाबी ठिवा की रातभर,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

“त्यानं चार दिस निघत्यात. वाळला की परत ढिला. पाचरच ठोकाय पायजे.”

कन्येने पेन्सिल उचलली. “बाबा, पाचरीला इंग्रजीत काय म्हणतात?”