मशीन कितीचं, यापेक्षा मोजलं का?

दादानं नाशिकला सव्वा लाखाचं कानाचं मशीन घेतलं आणि दोन महिन्यांत ते कपाटात गेलं. तेव्हापासून घरच्या ग्रुपवर एकच वाद. पुतण्या म्हणतो, ऑनलाइन पंधरा हजारांत मिळालं असतं, लुटलं तुम्हाला. वहिनी म्हणतात, स्वस्तातलं घेऊन आणखी पस्तावलो असतो. इंग्लंडात लीड्समध्ये बसून मी हे वाचतो तेव्हा माझ्याही कानामागे तसंच मशीन असतं. एनएचएसनं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेनं, विनामूल्य वापरायला दिलेलं, आणि मी ते झोपेपर्यंत काढत नाही. माझं मशीन कानात मोजून बसवलं, दादाचं नुसतं बसवलं. भांडायचंच तर यावरून भांडावं.

आम्हा भावांचं दुखणं सारखंच. खालचे सूर नीट ऐकू येतात, वरचे गेलेत. भांडं पडलेलं कळतं, पण स, श, फ निसटतात आणि 'काशीला'चं 'काकीला' होतं. अशा कानात बंद बूच बसवलं की स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो. म्हणून आम्हाला ओपन-फिट देतात: बारीक नळी, टोकाला भोकं असलेली मऊ रबरी टोपी, कान मोकळा. खालचे आवाज आपसूक आत येतात, मशीन फक्त वरचे वाढवतं. पण ज्या वाटेनं आवाज आत येतो त्याच वाटेनं मशीनचा आवाज बाहेर गळतो, आणि किती गळतो ते प्रत्येक कानाचं वेगळं. कोणत्या सुराला किती आवाज मिळतोय याची जी रेघ कंपनीचं सॉफ्टवेअर स्क्रीनवर दाखवतं ती सरासरी कानाचा अंदाज असते. खऱ्या कानात वरच्या सुरांना बरेचदा त्यापेक्षा कमी आवाज मिळतो.

माझ्या कानात इथल्या तपासणाऱ्या बाईंनी आधी आतला आवाज मोजायची, सिलिकॉनची केसासारखी मऊ नळी सरकवली, पडद्यापासून साधारण 5 मिलिमीटरवर थांबवली. जरा गुदगुल्या झाल्या, इतकंच. समोर स्पीकर. मशीन कानात, पण बंद ठेवून त्यांनी स्पीकरची पातळी आधीच नोंदवून घेतली. का, तर मोकळ्या कानातून गळलेला आवाज स्पीकरची पातळी सांभाळायला कानाबाहेर लावलेल्या मायक्रोफोनला ऐकू जातो, त्याला वाटतं स्पीकरच मोठा झाला, आणि सगळं माप चुकतं. "आता मान हलवू नका," म्हणाल्या. मग मशीन चालू करून 55, 65 आणि 80 डेसिबलला बोलण्याचा आवाज लावला. ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेच्या एनएएल-एनएल2 या सूत्रानं कोणत्या सुराला किती आवाज हवा ते ठरतं; त्या लक्ष्यरेषेखाली माझी रेघ 3,000 हर्ट्झच्या पुढे, म्हणजे वरच्या सुरांत, घसरली होती. त्यांनी वाढवली, तशी शिट्टी वाजली. टोपी एक आकार मोठी घातली, पुन्हा मोजलं, मग जमलं. अर्धा तास गेला असेल.

इथलं सगळं चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. मला नंबर लागायला महिने लागले, मॉडेल निवडता आलं नाही. शब्द ऐकवून केलेली चाचणी इंग्रजीत होती. मोजणीचा तो बोलण्याचा आवाजही सहा भाषांचे तुकडे जोडून केलेला, त्यात भारतातली एकही नाही. दादाला त्याच दिवशी बोलावलं, चहा दिला, मराठी शब्दांवर तपासलं. ते इथल्यापेक्षा चांगलंच. ही मोजणी तिकडे माहीत नाही असंही नाही, आपल्याकडचे ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ, ती शिकूनच बाहेर पडतात. पण गिऱ्हाईक विचारत नाही आणि दुकानाला मशीन खपवायचं असतं, म्हणून ती वगळली जाते. याचा मला मनापासून राग येतो, कारण त्यापायी माणसं गप्प होत जातात. दादा झालाच होता.

मी त्याला एकच प्रश्न लिहून दिला: "कानात नळी घालून मोजता का?" दोन ठिकाणी सांगितलं, आता सगळं ऑटोमॅटिक असतं. तिसरीकडे हो म्हणाले, पण वेगळी फी. पुतण्या कुरकुरला. मी म्हटलं, बिनदिक्कत दे. पुतण्याचं ऑनलाइन मशीनसुद्धा सेटिंग बदलता येणारं असेल, तर असंच मोजून घेता येतं.

मशीन तेच राहिलं, फक्त वरचे सूर वाढवले. पहिले आठ दिवस दादाला कागदाची सळसळ, चमच्यांचा खणखणाट सहन होईना. गेल्या गुरुवारी फोनवर मी 'काशीला' म्हटलं ते त्याला पहिल्या खेपेलाच कळलं. लग्नाच्या हॉलमध्ये अजून अडतंय. पुढच्या महिन्यात पुन्हा नळी घालून बघणार आहेत.