महायुद्धं फक्त युरोपात सुरू झाली नाहीत

महायुद्धांची कारणं 'दोन मिनिटांत' सांगणारा एक मेसेज सध्या आमच्या बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात तीन गोष्टी ठासून सांगितल्यात. पहिलं महायुद्ध म्हणजे युरोपातल्या राजघराण्यांची भाऊबंदकी, सारायेवोतल्या एका गोळीने पेटलेली. दुसरं सुरू झालं 1 सप्टेंबर 1939 ला, पोलंडवर हल्ला झाला तेव्हा. आणि दोन्ही वेळा भारत ब्रिटनच्या बाजूने युद्धात उतरला. शाळेत आपण हेच पाठ केलं, म्हणून ते खरं वाटतं. पण लष्करातल्या मराठा पलटणींचं मुख्य केंद्र, मराठा सेंटर, आमच्या बेळगावात आहे, त्या गावाने तरी हे असंच पुढे ढकलू नये.

आधी गोळीचं. 28 जून 1914 ला सारायेवोत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला आणि महिन्याभराने ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं, यात वाद नाही. पण 1911 मध्ये इटलीने तुर्कांच्या ताब्यातला लिबिया बळकावायला त्यांच्यावर हल्ला केला होता. विमानातून बॉम्ब टाकायची सुरुवात तिथलीच. तुर्क अडचणीत आहेत हे दिसताच पुढच्या वर्षी बाल्कन राज्यं त्यांच्यावर तुटून पडली, सर्बिया वाढला आणि ऑस्ट्रियाच्या डोळ्यांत खुपू लागला. आफ्रिकेतला हा मुलूख मेसेजमध्ये कुठेच नाही.

आता आपल्या माणसांची तारीख बघा. 16 ऑक्टोबर 1914 ला मुंबईहून एक ब्रिगेड जहाजांत बसून इराणच्या आखाताकडे निघाली. त्यात 117 वी मराठा पलटण होती. तुर्कस्तान तोवर युद्धात आलंच नव्हतं! ब्रिटनने त्याच्याशी युद्ध पुकारलं 5 नोव्हेंबरला आणि दुसऱ्याच दिवशी ही फौज तुर्कांच्या ताब्यातल्या इराकमध्ये, बसऱ्याच्या खाली फाव इथे उतरली. शेजारी आबादानला तेलाचा कारखाना होता, आणि त्या तेल कंपनीचा निम्म्याहून जास्त हिस्सा ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी घेतला होता. तेल आणि आखातावरची पकड सांभाळायला मराठे तिकडे गेले. त्यांतल्या तीन पलटणी पुढे इराकमधल्याच कुतच्या वेढ्यात उपाशी राहिल्या आणि एप्रिल 1916 मध्ये कैदेत गेल्या.

माझे पणजोबा मेसोपोटेमियातून, म्हणजे आजच्या इराकमधून, परत आले. त्यांचं मेडल आमच्याकडे पत्र्याच्या ट्रंकेत आहे. खंडेनवमीला आई ते चिंचेने घासते आणि कोयता-विळ्याशेजारी पूजेला मांडते. पुढच्या बाजूला पंखांची देवी. कडेवर त्यांचा नंबर, पलटण आणि इंग्रजीत चुकीचं कोरलेलं नाव. मागे लिहिलंय की हे 1914 ते 1919 चं महायुद्ध सभ्यतेसाठी झालं. पणजोबांना ते वाचता येत नव्हतं. ते का लढले याचं कारण दुसऱ्याच कुणी तरी धातूत ओतून त्यांच्या छातीवर लावलं. हा मेसेज वाचताना मला तीच मागची बाजू आठवते.

दुसऱ्या महायुद्धाची तारीख तर उघड उघड युरोपची आहे. जपानने चीनशी उघड युद्ध सुरू केलं 7 जुलै 1937 ला, मांचुरिया तर 1931 मध्येच घेतला होता. म्हणजे हल्ला करणारे काही गोरेच होते असं नाही. आशियातल्या देशाने आशियावर केलेला हल्लाही या मोजणीतून गळतो. इटलीने 3 ऑक्टोबर 1935 ला आपल्या ताब्यातल्या एरिट्रियातून इथिओपियावर चाल केली. त्याच एरिट्रियात, केरेनच्या उघड्या खडकाळ डोंगरांवर, मार्च 1941 मध्ये मराठ्यांची पलटण इटालियनांशी लढली. इथिओपियाचा बादशहा त्यानंतर मे महिन्यात आपल्या राजधानीत परतला. त्या लोकांना 'युद्ध 1939 ला सुरू झालं' हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

राहिला तो 'उतरला' हा शब्द. 3 सप्टेंबर 1939 ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात असल्याचं परस्पर जाहीर केलं. निवडून आलेल्या एकाही प्रतिनिधीला विचारलं नाही. बेळगाव तेव्हा मुंबई प्रांतात होतं. याच मुद्द्यावर तिथल्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, इतर प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनीही दिला. जवान भरती झाले, बरेचसे पोटासाठी झाले, त्यांच्या शौर्याला मी हात जोडतो. पण देशाला कुणी विचारलं नव्हतं. मेसेज पुढे पाठवायचाच असेल, तर निदान 'उतरला' खोडून 'उतरवला' लिहा.