‘एक गोळी द्यायची सोडून एक्स-रे कशाला?’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. तुम्ही लिहिलंय की सात महिन्यांचा बोका दोन दिवस मागचा पाय टेकवत नव्हता, उचलायला गेलं की ओरडत होता. पेटका आला असेल, एखादी गोळी मिळेल म्हणून त्याला आणलंत. पाऊण तास बाहेर बसावं लागलं, मग एक्स-रे आणि रक्त तपासणी झाली, आणि शेवटी ‘पिंजऱ्यात ठेवा, खाणं बदला’ एवढंच ऐकून बिल भरलंत. ‘रोज बोनलेस चिकन खातो, आणखी काय घालायचं?’ असंही विचारलंय.

आधी आमची चूक. त्या वेळी आत एक कुत्री बाळंतपणात अडली होती. बाहेर थांबलेल्यांना तेवढं सांगायला कुणाला तरी पाठवायला हवं होतं, ते राहिलं. एक्स-रे कशासाठी काढतोय हेही आधी समजावलं नाही. माफी मागते. दवाखाना माझा आहे, त्यामुळे ही जबाबदारी मदतनिसावर ढकलणार नाही.

पण गोळीची गोष्ट मला मान्य करता येत नाही. सांगली-मिरजेतून दर महिन्याला कुणी ना कुणी पॅरासिटामॉल देऊन झाल्यावर मांजर घेऊन येतं, म्हणून हे इथे सगळ्यांसाठीच लिहिते. हे औषध पचवून निरुपद्रवी करण्याची ताकद मांजराच्या यकृतात फारच कमी असते. रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं, हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. माणसाच्या एका गोळीने मांजर दगावू शकतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकही घरी देऊ नका. तुमच्या बोक्याला त्या दिवशी दिलेलं इंजेक्शन दुखण्याचंच होतं, मांजराला चालणारं, वजन करून दिलेलं. कागदावर लिहिलं होतं, तोंडी सांगायचं राहिलं.

आता पेटक्याबद्दल. माणसाच्या पोटरीत रात्री गोळा येतो, तसा नुसता पेटका मांजरात क्वचितच असतो. लहान मांजर पाय उचलून धरतं तेव्हा मी आधी नख पंजाच्या गादीत रुतलंय का ते बघते, मग केस बाजूला सारून चाव्याची खूण शोधते. बोक्यांच्या भांडणात दात सुईसारखा आत जातो, वरची जखम मिटते आणि आत पू होतो. ताप असेल, तोंडात फोड असतील आणि लंगडणं आज या पायात, उद्या त्या पायात असेल, तर कॅलिसी विषाणूचा संशय येतो. ते लंगडणं बहुधा काही दिवसांत थांबतं. तुमच्या बोक्याला यातलं काही नव्हतं. नसबंदी झालेल्या वजनदार तरुण बोक्यात मांडीच्या हाडाचं डोकं वाढीच्या रेषेतून, म्हणजे हाड जिथून वाढतं त्या कूर्चेच्या पट्टीतून, निसटतं, तेही एक्स-रेशिवाय कळत नाही.

एक प्रकार मात्र वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवा. मागचे पाय अचानक लुळे पडले, गार लागतायत, गाद्या पांढुरक्या किंवा निळसर दिसतायत आणि मांजर किंचाळतंय, तर हृदयातून सुटलेली रक्ताची गाठ पायांकडे जाणाऱ्या धमनीत अडकलेली असू शकते. सकाळची वाट बघू नका. आणि कुत्र्याचं गोचिडाचं औषध मांजराच्या मानेवर टाकल्यावर थरथर सुरू झाली, तर तो पेटका नाही, विषबाधा आहे. तेव्हाही लगेच निघा.

तुमच्या बोक्याचा त्या दिवशीचा एक्स-रे मी पुन्हा नीट बघितला. मांडीच्या हाडाला बारीक चीर आहे, हे तुम्हाला दाखवलं होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळीच हाडं फिकट आहेत, बाजूच्या मांसापासून जेमतेम वेगळी ओळखू येतात. सोफ्यावरून मारलेल्या उडीनेही असं हाड चिरतं. कारण त्या बोनलेस चिकनमध्ये आहे. हाडाशिवायच्या मांसात कॅल्शियमच्या १५ ते २० पट फॉस्फरस असतो. वाढत्या पिल्लाला दोन्ही जवळपास सारखे, कॅल्शियम किंचित जास्त, असे लागतात. कमी पडलेलं कॅल्शियम शरीर हाडांतून काढून रक्तात आणतं. म्हणूनच रक्तातलं कॅल्शियम ठीक आलं तरी मी निश्चिंत झाले नाही. रक्त मुख्यतः मूत्रपिंडं नीट आहेत ना, हे बघायला काढलं होतं, कारण त्यांच्या आजारातही हाडं अशीच होतात.

हे वाचून स्वतःला दोष देऊ नका. तुम्ही घरातलं सगळ्यात चांगलं त्याच्या पुढ्यात ठेवत होतात. दूध-चपातीवर वाढवलेली मांजरं मी रोज बघते, त्यांच्यापेक्षा तुम्ही कितीतरी जास्त जीव लावलाय. फक्त आता पिल्लांसाठीचं पूर्ण आहार असलेलं मांजराचं खाणं द्या. चिकन हवंच तर त्यावर चार तुकडे, रोजची कलेजी नको. बाजारातली कॅल्शियमची पावडर वरून घालू नका, त्यानेही प्रमाण बिघडतं.

पिंजरा ही शिक्षा नाही. दुखणं थांबलं की तो कपाटावर चढणार आणि हाड मात्र तोवर कच्चंच असणार. खाणं सुधारल्यावर काही दिवसांतच तो हुशारीत येईल, म्हणून तर जास्त सांभाळायचं. पिंजरा विकत घ्यायला लागू नये म्हणून दवाखान्यातला एक तुमच्यासाठी बाजूला ठेवलाय, घेऊन जा.

चार आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे लागेल. त्याचे पैसे घेणार नाही, आधी नीट न सांगितल्याबद्दल तेवढं आमच्याकडून. एक मात्र घरी बघून या: शी करताना तो कुंथतो का, फार वेळ बसतो का. कच्च्या हाडांमुळे कधी कधी कमरेचं हाड आत दबून वाट अरुंद होते. तसं काही दिसलं, तर चार आठवडे थांबू नका, त्याच दिवशी या.