धोंडस एल काढ्यासारखी लागली म्हणालात, त्यावर आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री बंद करायच्या वेळी वाचला. लगेच काही लिहिलं नाही कारण आधी तोच केग, म्हणजे बियरचं पिंप, उघडून स्वतः चाखायचा होता, ते काल सकाळी केलं आणि आता लिहायला बसलेय. थोडं लांबेल. पण तुम्ही दोन स्टार देताना प्रत्येक गोष्टीचं कारण दिलंय, मग मी 'गैरसोयीबद्दल क्षमस्व, पुन्हा या' एवढं टाकून मोकळं होणं बरोबर नाही.

ज्यांनी रिव्ह्यू वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगते. दादा विसर्जनानंतर दोन दिवस इथेच जवळ होमस्टेला होते, संध्याकाळी घरच्यांबरोबर चालत आले, सुरमई फ्राय आणि बांगड्याचं तिखलं मागवलं आणि त्याच्यासोबत आमची सीझनची धोंडस एल, म्हणजे धोंडस या काकडीच्या गोड पदार्थावरून केलेली मसाल्याची बियर, दोन ग्लास. त्यांचं म्हणणं असं की पहिल्याच घोटाला काढ्याचा वास, दाढ दुखते तेव्हा लवंगेचं तेल लावतात तसा, मग जीभ बधिर आणि पुढे कसलीच चव नाही. नाव धोंडस पण गोडाचा पत्ता नाही, अमेरिकेत प्यायलेली पम्पकिन एल कशी गोडसर होती. बियर धड थंड नाही. फेस दोन मिनिटांत गायब म्हणजे शिळी असणार. बदलून मागितली तर आमचा मुलगा म्हणाला 'ही अशीच असते'. आणि शेवटची ओळ, कोकणाच्या नावावर काहीही खपवतात.

लवंगेपासून सुरू करते कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे.

काल सकाळी सातला, किचन सुरू व्हायच्या आधी, त्या केगमधून एक ग्लास भरला आणि काउंटरवर नुसता ठेवून दिला. मुद्दाम एकदम थंड काढला होता, २-३ अंशाला. तेव्हा नाक लावलं तर छान, भाजलेलं खोबरं, थोडा गूळ, बस. पाच मिनिटांनी जायफळ वर आलं. दहा मिनिटांनी ग्लासवरचं दव ओघळायला लागलं आणि लवंग आली, आणि ती आली ती बाकी सगळ्यांना बाजूला सारूनच आली. एक घोट घेतला तर जिभेचा शेंडा खरंच बधिर. लवंगेत युजेनॉल असतं, दाढेला लावतो त्या तेलात मुख्य तेच, म्हणून तुम्ही जो वास ओळखला तो नुसता तसा 'वाटला' नाही, तो तोच होता, आणि जीभ बधिर झाल्यावर पुढचं काही लागलं नाही यातही नवल नाही.

मग तोच ग्लास घेऊन आत आईकडे गेले. आई बियर पीत नाही, फक्त वास घेते, आमच्या प्रत्येक बॅचचा घेते. तिने ग्लास नाकाजवळ धरला आणि म्हणाली, "धोंडसात लवंग खंय आसता गो?"

खरंय. नसतेच. ज्यांनी धोंडस खाल्लं नाही त्यांना सांगते, पावसाळ्यात परसात मोठ्ठी तवशी, म्हणजे काकड्या, लागतात, ती पिकायला आली की किसायची, तांदळाच्या कण्या भाजून घ्यायच्या, गूळ, ओलं खोबरं, वेलची नाहीतर जायफळ, आणि टोपात घालून वर झाकणावर निखारे आणि खाली निखारे. खालची खरपूस कड कोणाला मिळणार यावरून आमच्याकडे अजून भांडणं होतात. त्यात लवंग कुठेच नाही. मग बियरमध्ये कशी आली, तर ती तुमच्या त्या पम्पकिन एलमधूनच आली. मी रेसिपी बसवताना तीच समोर ठेवली होती, कारण हिशोब सारखा वाटला, तिकडे भोपळा, इकडे तवसं, दोन्ही पाणचट, दोन्हींची स्वतःची चव हलकी आणि दोन्हींचं गोड करताना मसाला लागतो. अमेरिकेत वसाहतींच्या काळात बार्लीचा मॉल्ट, म्हणजे बियरसाठी मोड आणून वाळवलेलं धान्य, मिळायची मारामार होती म्हणून लोक भोपळाच आंबवायचे, तिथून हा प्रकार सुरू झाला, आणि १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या हेवर्डच्या बफेलो बिल्स ब्रुअरीने तो पुन्हा चालू केला. पण आता जी पम्पकिन एल मिळते तिला भोपळ्यापेक्षा भोपळ्याच्या 'पाय' (pie) या गोड पदार्थातल्या मसाल्याची चव जास्त असते, दालचिनी, जायफळ, आलं, लवंग. मी तो अख्खा मसाला उचलला आणि त्याच्याबरोबर लवंगही उचलली, आपल्या पदार्थात ती आहे का हे आईला विचारायचं सुचलंच नाही.

वर या बॅचला आमच्याकडून चूक झाली ती वेगळीच. २५० लिटरला जेमतेम ५ ग्रॅम लवंग, मलमलच्या पुरचुंडीत बांधून टाकीत सोडतो आणि २४ तासांनी बाहेर काढतो. गणपतीच्या आधी तीन दिवस वादळी पावसात लाईट नव्हती, आम्ही सगळे जनरेटर आणि कोल्ड रूमच्या मागे, ती पुरचुंडी चार दिवस आतच राहिली. टॅपला लावायच्या आधी मी चाखली होती, नाही असं नाही, पण टाकीतून एकदम गार काढून चाखली, आणि गारठ्यात वास दबतो तो हा असा. तुमच्या टेबलावर ग्लास जरा निवांत राहिला आणि लवंग उघडी पडली. माझ्या हातून सुटलं ते तुम्ही पकडलंत.

आता बर्फासारखी थंड नव्हती त्याबद्दल. ती मात्र चूक नाही, मसाल्याची एल आम्ही ठरवून ८ ते १० अंशाला देतो कारण नेहमीच्या गार लॅगर बियरसारखी ३-४ अंशाला दिली तर जायफळ लागणारच नाही, आणि ते लागलं नाही तर ही बियर करण्यात अर्थच नाही. पण हे मेनूवर कुठे लिहिलंय? कुठेच नाही. सप्टेंबरच्या त्या दमट उकाड्यात माणूस घाम पुसत येतो, बियर मागवतो, त्याला गार हवी असते, त्यात काय चुकलं. आता मेनूवर ठळक लिहिलंय आणि गारच हवी असेल त्यांच्यासाठी साधी व्हीट बियर आहे, ती सुचवायला सांगितलंय.

गोडाचं जरा सविस्तर सांगते कारण हा प्रश्न तुम्ही एकट्यानेच नाही, खूप जणांनी विचारलाय. या बॅचमध्ये १२ किलो गूळ आहे. पण गूळ टाकला म्हणजे बियर गोड होते असं नसतं, उलट होतं, यीस्ट गुळातली साखर जवळजवळ सगळी खाऊन टाकतं, त्याचा अल्कोहोल आणि गॅस होतो आणि मागे गुळाचा वास आणि तो किंचित खारट मातकट कडूपणा तेवढा राहतो. आमच्या बॅचची घनता १.०५६ वर सुरू झाली आणि १.०१० वर थांबली, म्हणजे अल्कोहोल ६ टक्क्यांच्या आसपास, आणि अंगाने हलकी. परदेशात डेझर्टसारख्या बियरमध्ये बरेच जण लॅक्टोज घालतात, ती दुधातली साखर, बियरच्या यीस्टला ती पचत नाही म्हणून गोडी तशीच राहते. मी घालत नाही. एक तर दूध न पचणारे लोक बरेच असतात आणि दुसरं म्हणजे धोंडसात दूध नसतं. पण मग गोडी दुसरीकडून यायला हवी होती आणि ती आली नाही, हे कबूल. आम्ही मॅश, म्हणजे मॉल्ट गरम पाण्यात भिजवून साखर काढायची पायरी, ६५ अंशाला केला होता, त्या तापमानाला यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त निघते आणि बियर कोरडी होते. आता ६८ला करतोय, ओट्स वाढवलेत, कॅरॅमलसारखा लागणारा क्रिस्टल मॉल्ट थोडा जास्त घेतलाय. तरी तोंडात खरं धोंडस घातल्यासारखी गोड होणार नाही हे आधीच सांगते, ती वासाला धोंडस आणि चवीला एल अशीच करायची आहे. गोड खायचं असेल तर खरं धोंडस आहे की, सीझनला आई करते, एक तुकडा ६० रुपये.

फेस गेला म्हणून शिळी असेल असं लिहिलंय, शिळी नव्हती, टॅपला लावून चारच दिवस झाले होते. फेस बसतो तो खोबऱ्यामुळे. खोबऱ्यात तेल आहे आणि तेल फेसाचा शत्रू, आम्ही भाजून कागदावर दाबून तेल काढतो तरी थोडं उतरतंच. त्यात सुरमई फ्राय खाताना ओठाला तेल लागतं, ते ग्लासच्या कडेला लागलं की उरलेला फेसही जातो, हा तुमचा दोष नाही हां, मासे खायलाच तर तुम्ही कोकणात येता. चूक आमची अशी की ही एल तिखल्याबरोबर द्यायचीच नव्हती. तिखल्यातली त्रिफळं, तीही जीभ बधिर करणारी, आणि लवंग एकत्र, जिभेचं काय होणार! जेवण झाल्यावर, छोट्या ग्लासात, हे वाढणाऱ्याने सांगायला हवं होतं.

आमच्या त्या मुलाबद्दल. गेल्या महिन्यातच लागलाय, इथलाच आहे, आणि 'ही अशीच असते' हे मीच त्याला शिकवलं होतं, लोक फेसाबद्दल विचारतात म्हणून. तो शिकवलेलं बोलला, त्याला बोल लावू नका. आता सगळ्यांना एवढंच सांगितलंय की गिऱ्हाईक नाही आवडली म्हणालं की ग्लास उचलायचा, दुसरा काय हवा विचारायचं आणि उचललेला ग्लास मला आणून द्यायचा, ओतून टाकायचा नाही. तुमचा ग्लास त्या संध्याकाळी माझ्यापर्यंत आला असता तर तुमच्यानंतर ज्यांनी ज्यांनी तो केग प्यायला त्यांना तरी तो प्यावा लागला नसता.

राहिली ती शेवटची ओळ. ती लागली मला, खोटं कशाला बोलू. तवशी आमच्या आणि शेजारच्या दोन परसांतली आहेत, ३० किलो, मी आणि आईने हाताने किसलीत. कण्या इथल्याच गिरणीतल्या, आधी भाजायच्या, मग शिजवायच्या आणि मगच मॅशमध्ये टाकायच्या, कारण कच्च्या तांदळातला स्टार्च मॅशच्या तापमानाला सुटत नाही. जायफळ आणि दालचिनी लाखी बागेतली आहे. लाखी बाग म्हणजे नारळाच्या बागेत मधल्या जागेत जायफळ, दालचिनी, मिरी लावायची, रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने ही पद्धत पुढे आणली, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या जाती, जायफळाची कोकण सुगंधा, दालचिनीची कोकण तेज, आज आमच्या ओळखीच्या बागांमध्ये उभ्या आहेत. आम्ही जायफळ आयत्या वेळी किसतो, कारण किसून ठेवलं की आठवड्यात त्याचा भुसा होतो. मॉल्ट, हॉप्स, यीस्ट बाहेरचं, ते इथे होतच नाही. आणि मसाल्यातली एकच गोष्ट बाजारातून पाकिटात आली होती, ती लवंग. तुमच्या नाकाला नेमकी तीच खटकली. कालपासून याचाच विचार करतेय.

किमतीबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, ३३० मिलीला ३५० रुपये जास्त आहेत का, तर चांगली लागली असती तर तुम्ही ते लिहिलं नसतं, म्हणून त्यावर वाद नाही.

तर झालंय असं. तो केग काल ओतून टाकला, साधारण १८ लिटर उरली होती. तुमच्या दोन्ही ग्लासांचे ७०० रुपये, तुम्ही ज्या नंबरवरून यूपीआय केलं होतं त्यावरच परत पाठवलेत, बघून घ्या. नवी बॅच कालच लावली, लवंग अजिबात नाही, आणि जायफळाच्या जोडीला थोडी जायपत्री, ती जायफळापेक्षा सौम्य असते. परसात शेवटची सात तवशी होती ती यात गेली, त्यामुळे यंदाची ही शेवटचीच. तीन आठवड्यांनी टॅपवर येईल. यावेळी मी १० अंशाला पंधरा मिनिटं ग्लास ठेवून मगच चाखणार आहे आणि आईने वास घेतल्याशिवाय केग टॅपला लागणार नाही. दिवाळीला इकडे येणार असाल तर दोन दिवस आधी इथेच कळवा, एक केग बाजूला ठेवते. आणि नाहीच आवडली तर तेही इथेच लिहा, स्टार बदलायची अजिबात गरज नाही.